टाळूच्या वळ्यांवरून लेकराचा बाप ठरत नाही

प्रश्न : डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यात खेड्यावर राहतो, घरची कोरडवाहू शेती आहे. माझ्या नणंदेचा मुलगा बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत आला तेव्हा सराव म्हणून त्यानं घरातल्या सगळ्यांच्या वरच्या जबड्याची मापं घेतली, पांढऱ्या प्लास्टरचे साचे केले आणि टाळूवरच्या रेघा पेन्सिलीनं गिरवल्या. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याचा साचा मिस्टरांच्या साच्याशेजारी ठेवून भाचा हसत म्हणाला, ‘मामा, ह्याची एक बी रेघ तुमच्यावर गेली नाही बघा.’ सासूबाईंनी ते धरून ठेवलं. ‘रक्ताचं असतं तर काहीतरी उतरलं असतं की,’ असं आता पाहुण्यांसमोर बोलतात. त्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं की टाळूच्या रेघा बोटांच्या ठशांसारख्या असतात, ओळख पटवायला वापरतात. मिस्टर आधी काही बोलले नाहीत. आता म्हणतात, ‘डीएनए करून टाकू, म्हणजे आईचं तोंड बंद होईल.’ हो म्हणलं तर संशय मान्य केल्यासारखं होतं, नाही म्हणलं तर ‘मंग भितीस काहून?’ म्हणतात. ह्या रेघा खरंच बापाकडून येतात का? मी काय करावं? (मिस्टर पुडी खातात, वरचा एक दात काढलेला आहे. हल्ली त्यांना तिखट सोसत नाही, म्हणून सगळ्यांचंच आळणी करावं लागतं. हे उगाच लिहिलं.)

— एक भगिनी, जि. परभणी

उत्तर : ताई, आधी उत्तर देते, कारणं मागून. टाळूवरच्या वळ्या जुळल्या नाहीत म्हणून बाप वेगळा, असं ठरत नाही. आणि जुळल्या असत्या तरी बाप हाच, असंही ठरलं नसतं. कुठलाही जबाबदार दंतवैद्य साच्यावरून असं काही लिहून देणार नाही. भाच्यानं थट्टा केली आणि घरात त्याचा ध चा मा झाला.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते. घरातल्या सगळ्यांचे साचे घेतले म्हणता, म्हणजे तुमचाही असेल. लेकराचा साचा तुमच्या साच्याशेजारी कुणी ठेवून बघितला का? बघा ठेवून. तोही जुळणार नाही. मग काय, तुम्ही त्याच्या आई नाही? बाळंतपण तर सासूबाईंनीच केलं असेल. आईबद्दल कुणाच्या मनात शंका नसते म्हणून तिचा साचा कुणी हातात घेत नाही, आणि तिथंच ही सगळी तपासणी फसते. ज्या मापानं सख्खी आई नापास होते, त्या मापानं बापाला नापास करण्यात काय अर्थ आहे?

ह्या वळ्या असतात कशा, ते सांगते. टाळू म्हणजे इथं लहान बाळाच्या डोक्यावर तेल जिरवतात ती नव्हे. वरच्या पुढच्या दातांच्या मागं जिभेचं टोक लावा. मधोमध एक बारीक उंचवटा लागेल. त्याच्या मागं, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना खरखरीत आडव्या वळ्या लागतील. भाचा त्यांना ‘रुगी’ म्हणत असेल. बहुतेक माणसांत एका बाजूला साधारण तीन ते पाच असतात. जीभ घास वर दाबते तेव्हा तो निसटू नये, एवढं त्यांचं काम. बैलाला औषध पाजायला ज्यांनी तोंडात हात घातला आहे, त्यांना बैलाच्या टाळूवरच्या वळ्या ठाऊक असतील. त्या चांगल्या पंधरावर असतात आणि ओळीनं असतात. उंदराला आठ-नऊ असतात, त्याही शिस्तीत. माणसाच्या मात्र थोड्या, आखूड आणि वाकड्यातिकड्या. कुठं दोन मिळून एक झालेली, कुठं एकीला फाटा फुटलेला, मध्येच तुटलेला एखादा तुकडा.

हातच्या काकणाला आरसा लागत नाही, टाळूला लागतो. मिस्टरांना अंगणात उन्हाकडं तोंड करून बसवा, मान मागं टाकायला सांगा आणि मोबाइलचा टॉर्च लावून टाळूचा एक फोटो काढा. मधली रेषा धरून डावी बाजू उजवीशी ताडून बघा. डावीकडची पहिली वळी सरळ असेल तर उजवीकडची नागमोडी निघेल, नाहीतर तिला फाटा असेल, नाहीतर एका बाजूला एक वळी जास्तच सापडेल. आता जरा विचार करा. ह्या दोन बाजू एकाच आईच्या पोटात, एकाच वेळी, त्याच जनुकांवर घडल्या. तरी डावी उजवीवर गेली नाही. मग सासूबाईंच्या हिशेबानं डाव्या बाजूचा बाप कोण? (हे सासूबाईंना विचारू नका. भाच्याला विचारा, परीक्षेच्या आधी त्यालाही उपयोग होईल.)

असं का होतं, ह्याचं उत्तर फार सुरेख आहे. तुमच्या त्रासापुरतं नसलं तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गर्भ साधारण तीन महिन्यांचा होईतो टाळूच्या दोन बाजू मध्ये येऊन सांधल्या जातात आणि त्याच सुमारास वळ्यांची आखणी होते. ही आखणी कुणी ओळ धरून करत नाही. ॲलन ट्युरिंग ह्या इंग्रज गणितज्ञानं १९५२ साली एक कल्पना मांडली होती. दोन रसायनं घ्या. पहिलं स्वतःलाही वाढवतं आणि दुसऱ्यालाही वाढवतं. दुसरं पहिल्याला आवरतं, पण पहिल्यापेक्षा लांबवर पसरतं. एवढ्या दोन नियमांवर एकसारख्या पेशींच्या थरात आपोआप पट्टे उमटतात. पुढं २०१२ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी उंदराच्या गर्भाच्या टाळूवर हेच प्रत्यक्ष दाखवलं. चेतवणाऱ्या आणि आवरणाऱ्या अशा त्या जोडीत एफजीएफ आणि ‘सॉनिक हेजहॉग’ हे दोन रेणू निघाले. दुसऱ्याचं नाव व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून ठेवलेलं आहे. शास्त्रज्ञांनाही हौस असते. ह्या प्रयोगातला मला सर्वांत आवडलेला भाग असा : त्यांनी गर्भाच्या टाळूवरची एक वळी कापून काढली. नवा पट्टा कापलेल्या कडेला यायला हवा होता. तिथं तो आला नाही. शेजारच्या पट्ट्यालाच फाटा फुटला. म्हणजे कुठली वळी कुठं यावी ह्याचा नकाशा आधीपासून कुठं ठेवलेला नव्हता. शेजारी काय घडतंय त्यावरून पुढची वळी ठरत होती.

चैत्र-वैशाखात आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात ना, तसंच हे. किती खोल जातील, दोन भेगांत अंतर साधारण किती राहील, हे मातीचा पोत सांगतो. पण अमुक भेग बांधापाशी डावीकडं वळेल की तिच्या दोन होतील, हे कुणी सांगू शकत नाही. माती तीच असली तरी पुढच्या उन्हाळ्यात भेग जुन्या वाटेनंच जाईल असंही नाही. टाळूच्या बाबतीत जनुकं म्हणजे तो मातीचा पोत. वळ्या साधारण किती, केवढ्या जाड, केवढ्या अंतरावर, ह्यावर त्यांचा हात असतो. एखादी वळी नेमकी कुठं वाकली, कुठं तुटली, हे त्या-त्या गर्भात, त्या-त्या बाजूला, बारीकसारीक कारणांनी ठरतं.

त्यातही टाळूसाठी एकच एक जनुक नसतं. वळ्या घडवणारे रेणू तेच असतात जे दात, केस आणि हाताची बोटं घडवायलाही लागतात. त्यांच्यामागं पुष्कळ जनुकं असतात आणि त्या प्रत्येकात माणसामाणसांत किंचित फरक असतो. लेकराला निम्मी तुमच्याकडून मिळाली, निम्मी मिस्टरांकडून, आणि तीही दर अपत्याला वेगळी पिसून. त्यातून जो मेळ होतो तो आईचाही नसतो आणि बापाचाही नसतो. वाढताना भर पडते ती वेगळीच. पुष्कळ कुटुंबं एकत्र घेऊन मोजलं तर नात्यातल्या माणसांत थोडंफार साम्य सापडू शकतं, नाही असं नाही. पण ते घोळक्याचं साम्य असतं. समोर ठेवलेल्या एका बापाबद्दल आणि एका मुलाबद्दल त्यातून काही सांगता येत नाही. एका बीजातून झालेल्या जुळ्यांची जनुकं तीच असतात, तरी त्यांच्याही वळ्या हुबेहूब नसतात.

आता त्या व्हॉट्सॲपच्या निरोपाकडं येऊ. तो खोटा नाही, फक्त तुमच्या घरात चुकीच्या कामाला जुंपला गेला आहे. टाळूच्या वळ्यांवरून ओळख पटवता येते, हे खरं. ह्या शास्त्राला नाव मिळालं १९३२ साली, स्पेनमध्ये. १९५५ साली लिसेल ह्या स्वीडिश संशोधकानं लांबीनुसार प्रतवारी घालून दिली : पाच मिलिमीटर किंवा त्याहून लांब ती मुख्य वळी, तीन ते पाच ती दुय्यम, दोन ते तीन ती तुटक. भाचा साच्यावर टोकदार पेन्सिलीनं हेच गिरवत होता. ह्या वळ्यांना ओठ, गाल, दात आणि जिभेचा आडोसा असतो, त्यामुळं जळालेल्या देहातही त्या पुष्कळदा शाबूत राहतात. ज्याचे सगळे दात गेले आहेत अशा माणसाची ओळख त्याच्या जुन्या कवळीच्या आतल्या बाजूवर उमटलेल्या वळ्यांवरून पटल्याची उदाहरणं आहेत. पण ह्या सगळ्यात ताडून काय बघतात? त्याच माणसाची जुनी खूण आणि त्याच माणसाची आजची खूण. बापाची लेकराशी नव्हे. वळ्या ओळखीच्या कामाला येतात त्या दुसऱ्या कुणाशी जुळत नाहीत म्हणूनच, आणि त्या ‘दुसऱ्या कुणा’त सख्खा बापही आला. बोटांच्या ठशांचंच म्हणाल तर रेशन दुकानातल्या मशीनवर मिस्टरांचा अंगठा लेकराच्या नावावर चालेल का? नाही चालला म्हणून कुणी त्याच्या जन्मावर बोट ठेवत नाही.

आता साच्यांबद्दल. सहा वर्षांच्या पोराच्या तोंडात गार, चिकट अल्जिनेट (माप घ्यायचा मसाला) भरलेला ट्रे घातला की ते ओकारी काढतं, मान हलवतं. पावडर घट्ट व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढा वेळ ते स्थिर बसत नाही. मसाला जरा ओढला गेला की वळी पसरट उमटते. मसाल्यात हवेचा बुडबुडा राहिला की साच्यावर भलताच उंचवटा तयार होतो, आणि नवशिका त्यालाही पेन्सिलीनं गिरवतो. शिवाय ह्या वयात पोराचे पुढचे दुधाचे दात पडत असतात, जबडा वाढत असतो. वळीची मूळ घडण फारशी बदलत नाही, पण लांबी वाढते, दोन वळ्यांतलं अंतर बदलतं. आज ४.८ मिलिमीटरची म्हणून दुय्यम ठरलेली वळी काही दिवसांनी मुख्य होऊन बसते. लहानपणी अंगठा खूप चोखला असेल तर त्याचाही परिणाम होतो. तिकडं मिस्टरांचा वरचा दात काढलेला. दात काढला की त्याच्या जवळच्या वळ्यांची दिशा थोडी बदलू शकते. अशा दोन साच्यांची तुलना भाच्याच्या कॉलेजातल्या सरांनीही करून दाखवली नसती.

फोटोसाठी मिस्टरांचं तोंड उघडणारच आहात, तर तुम्ही ‘उगाच लिहिलं’ म्हणालात त्याकडं नीट बघा. ते मुळीच उगाच नव्हतं. पुडी खाणाऱ्या माणसाला तिखट सोसेनासं होतं, तेव्हा तोंडाच्या आतलं अस्तर घट्ट आणि पांढुरकं पडायला लागलं असण्याची शक्यता असते. सुपारीमुळं होणारा हा आजार आहे आणि त्यातून पुढं कर्करोग होऊ शकतो. गालाची आतली बाजू आणि टाळूचा मागचा मऊ भाग संगमरवरासारखा फिकट दिसतो का, बोटाला दोऱ्यांसारखे पट्टे लागतात का, ते बघा. त्यांना स्वतःचीच तीन बोटं उभी धरून दातांच्या मधून आत घालायला सांगा. जात नसतील तर पेरणी, लग्नसराई काही न बघता दंतवैद्याकडं न्या. संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथंही हे तपासतात. पुडी त्याच दिवशी बंद. राज्यात गुटखा २०१२ पासून बंद आहे हे मला माहीत आहे, आणि तो कुठं मिळतो हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या घरात कुणाचं तोंड तपासायची घाई असेल तर ती ह्या कारणासाठी आहे.

राहिलं डीएनएचं. ही चाचणी खरी आहे, त्यात शंका नाही. गालाच्या आतून बोळा फिरवून पेशी घेतात आणि डीएनएवरच्या ठरावीक वीसेक जागा तपासतात. प्रत्येक जागी लेकराकडं दोन नोंदी असतात, एक आईची, एक बापाची. आईची वगळून उरलेली बापाशी जुळते का ते बघतात. तिथं अंदाज नसतो, पेन्सिल नसते. तरीही माझं मत विचाराल तर करू नका. जी शंका उठली ती साच्यावरून उठली, आणि साच्याला ह्या बाबतीत काही सांगता येत नाही हे आता तुम्हाला कळलं. पाया गेला तर वर मजला कशाला चढवायचा? आज सासूबाईंच्या समाधानासाठी चाचणी केली तर उद्या त्या ‘अहवाल बदलला’ म्हणणार नाहीत कशावरून? आणि सहा वर्षांचं लेकरू काही बहिरं नसतं. आपल्या गालातून बोळा कशासाठी फिरवला, हे कुणीतरी त्याला दहाव्या-बाराव्या वर्षी सांगेलच.

मात्र शंका मिस्टरांच्याच मनात असेल, तर प्रश्न सासूबाईंचा नाही आणि चाचणीचाही नाही. मग दोघंच बसा, रानात जा, आणि त्यांना सरळ विचारा, ‘तुम्हाला वाटतं का?’ ‘आईचं तोंड बंद करायला’ हे उत्तर घेऊ नका. सगळं बोलून, राजीखुशीनं दोघांनी मिळून चाचणी करायची ठरवली तर तो तुमचा निर्णय. पण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच करा. तुम्हाला न सांगता कुणी ऑनलाइन किट मागवून लेकराच्या तोंडात बोळा घालत असेल तर ते चालू देऊ नका.

कायदाही तुमच्या बाजूनं आहे, हे माहीत असू द्या. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम ११२ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ११६ झालं. त्या काळात नवरा-बायकोचा संबंध येणं शक्यच नव्हतं, असं दाखवल्याशिवाय हे गृहीत मोडत नाही. नुसत्या संशयावरून अशी चाचणी सरसकट सांगता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९३ साली म्हटलं आणि २०२३ साली मुलाच्या हक्कांवर भर देऊन पुन्हा सांगितलं. पाहुण्यांसमोर चारित्र्यावर शिंतोडे उडवणं थांबलं नाही तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळही येतो. १८१ ह्या नंबरवर फोन करता येतो. गोष्ट तिथवर जाऊ नये असंच मला वाटतं, पण नंबर जवळ असू द्या.

सासूबाईंशी तुम्ही वाद घालू नका. तुम्ही शंभर कारणं सांगितली तरी त्यांच्या लेखी ती सुनेचीच कारणं. हे काम भाच्याचं आहे. विषय त्यानं काढला, आणि डॉक्टर होणाऱ्या नातवाचं आजी ऐकेल. त्याला फोन करा, रागावू नका, पण स्पष्ट सांगा : ‘तुझ्या एका बोलण्यावरून माझ्या घरात काय चाललंय बघ, ये आणि मिटव.’ हा विषय त्याच्या कॉलेजात मुखविकृतीशास्त्राच्या (तोंडाच्या आजारांच्या) विभागात शिकवतात. येण्याआधी तिथल्या सरांना किंवा मॅडमना विचारून ये म्हणावं. मग त्यानं आपल्या आईचा आणि स्वतःचा साचा घेऊन यावा, आजीचाही घरात असेलच, आणि तिन्ही तिच्या पुढ्यात ठेवावेत. तिची सख्खी लेक तिच्याशी जुळत नाही आणि तो स्वतः त्या दोघींशी जुळत नाही, हे तिला पेन्सिलीनं दाखवावं. ज्या पाहुण्यांसमोर हे बोललं गेलं, त्यांच्यासमोरही त्यानंच सांगावं. आणि जाताना लेकराचा साचा त्याच्यासोबत देऊन टाका, सरावाला त्याला तो लागेलच.